परकोटाआडचे चांदा

मूल-मारोडा स्टेशनवर बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. केळझरचे जंगल मागे पडते आणि पुढे स्टेशन येते, त्याच्या पाटीवर नाव असते चांदा फोर्ट. शहराचे नाव चंद्रपूर होऊन कितीतरी वर्षे झाली, पण रेल्वेने जुने नाव जपले आणि किल्लाही जपला. आमच्या मूलकडची माणसे आजही "चांद्याला जाऊन येतो" असेच म्हणतात. दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी आम्ही चांद्याला जातो. किल्ला पाहायला मात्र फार थोडे जातात. म्हणून हा लेख.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. आधी सिरपूर, मग बल्लारपूर आणि त्यानंतर चांदा, असा या घराण्याचा प्रवास. १५व्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशहाने हे नगर वसवले. त्याच्या अंगावर फोड उठले होते. झरपट नदीच्या डबक्यातल्या पाण्याने ते बरे झाले आणि त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, असे परंपरा सांगते. पुढची कथा लहान मुलांनाही पाठ असते. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. ते दोघे जिथून धावले, त्या वाटेवर राणी हिरातानीच्या सल्ल्याने परकोटाची आखणी झाली. कथा बाजूला ठेवली तरी जागेची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. एका बाजूला इरई नदी, दुसऱ्या बाजूला झरपट आणि भोवती जंगल.

परकोट घडीव दगडाचा आहे. त्याला चार दरवाजे आहेत, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर. पाच खिडक्याही आहेत, म्हणजे लहान दारे. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, बगड खिडकी आणि मसण खिडकी. कोणत्या दाराने काय आत येई आणि काय बाहेर जाई, याचा अंदाज नुसत्या नावांवरूनही करता येतो. दरवाजांवर गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. हत्तीवर स्वार झालेला सिंह, आणि त्याच्या पंजाखाली हत्ती अगदी लहान दिसतो. जटपुरा गेटाखालून रोज हजारो दुचाक्या जातात. एकदा कडेला थांबून मान वर करून ते चिन्ह पाहावे, एवढीच विनंती.

हे राज्य लहान नव्हते. 'ऐन-ए-अकबरी'त बाबाजी बल्लाळशहाची नोंद आहे आणि वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचीही. हे वैरागड आता गडचिरोली जिल्ह्यात येते. १७५१मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले.

आपल्या तटाशी तुलना करायची तर इटलीतल्या लुका शहराचा जुना तट जवळजवळ अखंड आहे. सुमारे चार किलोमीटरच्या त्या तटावर झाडे लावलेली आहेत आणि लोक रोज त्यावर फिरायला जातात. आपल्या परकोटावरही झाडे होती, पण ती दगड फोडणारी. २०१७पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी बुरुजांवरची झुडपे आणि कचरा हटवायला सुरुवात केली, आणि कितीतरी वर्षांनी तट मोकळा दिसू लागला. या कामाचे मोल फार मोठे आहे.

अचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत भव्य समाधी बीरशहाची. हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा घात केला, असे सांगतात. १८व्या शतकाच्या सुरुवातीला त्याची राणी हिराई हिने ही समाधी बांधली. शेजारी शिवाचे देऊळ आणि इकडे घुमट व कमानी. दोन वेगळ्या घडणी एकाच आवारात नांदताना दिसतात. राणीने राज्यकारभार हाती घेतला, रामशहाला दत्तक घेतले आणि महाकालीचे आजचे देऊळही बांधले. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि नांदेड-परभणीकडून भाविकांचे जथे येतात. चांद्याची देवी मराठवाड्याच्या घराघरांत पोचली आहे, ही गोष्ट मला किल्ल्याइतकीच थोर वाटते.

आणि शेवटी लालपेठ. कोळशाच्या खाणीमुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण तिथल्या उघड्या माळावर एकाच दगडात कोरलेल्या अजस्र मूर्ती आहेत. गणपती आहे, मारुती आहे, नंदी आणि शिवलिंगही आहे. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याला मोठे शिवालय बांधायचे होते. मूर्ती झाल्या आणि देऊळ उभे राहण्याआधी तो गेला, असे सांगतात. त्यामुळे देवांना छप्पर मिळालेच नाही. सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांची. सुमारे २६ फूट लांब, १८ फूट रुंद आणि ३ फूट जाड. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणतात, अभ्यासक तिला दुर्गा मानतात. दुर्गासप्तशतीच्या परंपरेत दुर्गेचेच रूप असलेल्या महाकालीला दहा तोंडे, दहा हात आणि दहा पाय सांगितले आहेत, त्यामुळे अभ्यासकांचे म्हणणे पटते. ही मूर्ती आडवी आहे, तोंडे आभाळाकडे. मी तिच्या कडेने पायापासून डोक्यापर्यंत चालत गेलो, तेव्हा अकरा पावले झाली. मे महिन्याची दुपार होती. दगडावर तळहात ठेवला आणि चटका बसून लगेच मागे घेतला.