भट्टी लहान असली तरी माती पारखून घ्या



गेल्या हिवाळ्यात किनवट तालुक्यातील एका कोलाम पोडावर तरुणांसोबत आम्ही छोटी भट्टी बांधली. पाणी पाजलेला विळा पुन्हा २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला नाही, तर त्याची कडक धार काचेसारखी तुटते. तेवढ्यासाठी ही भट्टी हवी होती.

पहिल्या खेपेला आम्ही शेतातली काळी माती, सिमेंट आणि छपराचा जुना जस्ती पत्रा वापरला. नांदेड-लातूरची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून भिंतीला भेगा पडल्या. सिमेंट सुमारे ३०० अंशांपुढे हळूहळू कमजोर होते. पत्र्यावरचे जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि निखाऱ्याजवळ आणखी तापले की पांढरा धूर सोडते. तो धूर नाकात गेल्याने एका मुलाला रात्री हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी तो बरा झाला, पण पत्रा निवडणारा मीच होतो, हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही असे केले:

• आतून चांगली भाजलेली वीट लावली. एवढ्या उष्णतेला ती पुरते. आच वाढवायची असेल तर भट्टीची खास वीट घ्यावी.
• सांध्यांसाठी कुंभाराची माती, चाळलेली वाळू आणि भाजलेल्या विटेचा चुरा कालवला. चुऱ्यामुळे माती कमी आकसते.
• विटांच्या मागे कोरडी राख भरली. तिच्यात हवा अडकून राहते, त्यामुळे उष्णता बाहेर जात नाही.
• बाहेरून जस्त नसलेला काळा पत्रा लावला. सिमेंटचा जुना पत्रा वापरू नये; त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुफ्फुसांना घातक असतात.
• ओढ्यातला दगड घेतला नाही. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटू शकतो.

लेप म्हणून आतून त्याच मातीचा पातळ हात फिरवला. साधा ऑइलपेंट जळून धूर करतो. बाहेरून रंग द्यायचाच असेल तर उष्णतारोधक घ्यावा.

भट्टी आठवडाभर सावलीत वाळवा, मग रोज थोडी-थोडी आच वाढवा. ती उघड्यावरच पेटवा. बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेतो. तापमापक नसेल तर घासलेल्या विळ्याचा रंग पाहा: फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास.

भट्टीला पैसे फार लागले नाहीत; धीर मात्र लागला. आता कोणताही पत्रा आणला की मुले आधी विचारतात, “यावर जस्त आहे का?”