इपानेमाच्या पोरीचे 120 डॉलर

हे गाणं तुम्ही ऐकलंय. पैज लावते! नाव माहीत नसेल, पण हॉटेलच्या लॉबीत, कॉफी शॉपमध्ये किंवा एखाद्या चकाचक ऑफिसच्या लिफ्टमध्ये ते तुमच्या कानावरून गेलेलं आहेच. संथ गिटार, नुकताच झोपेतून उठल्यासारखा सॅक्सोफोन आणि कुणीतरी बाई अगदी निर्विकारपणे, जवळपास स्वतःशीच गातेय. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा'. 1980च्या 'द ब्लूज ब्रदर्स'मध्ये अख्खं पोलिसदल मागावर असताना दोघं हीरो लिफ्टमध्ये गप्प उभे राहतात, तेव्हा याच गाण्याची धून वाजते. लिफ्ट म्युझिकचा शिक्का बसला तो बसलाच.

मला मात्र या गाण्याने पकडलं ते वेगळ्याच कारणाने. मी पडले फ्रीलान्सर. काम कुणी केलं, नाव कुणाचं लागलं आणि चेक कुणाला गेला, हे तीन प्रश्न माझ्या डोक्यात कायम घोळत असतात. या गाण्यात तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

सुरुवात रिओ द जानेरोमधली, साल 1962. चाल आंतोनियो कार्लोस जोबिमची, शब्द व्हिनिसियस द मोराइसचे. व्हिनिसियस म्हणजे कवी आणि परराष्ट्र खात्यातला अधिकारी, असं भन्नाट कॉम्बिनेशन. इपानेमातल्या 'व्हेलोसो' बारमध्ये दोघं बसले होते, समोरून एक देखणी मुलगी गेली आणि तिथेच टेबलावर गाणं तयार झालं, अशी टुरिस्टांना आवडणारी गोष्ट आहे. बार खरा, मुलगीही खरी. टेबल मात्र खोटं! जोबिमने चाल घरी बसवली, व्हिनिसियसने शब्द पेट्रोपोलिसला लिहिले आणि तेसुद्धा एका म्युझिकल कॉमेडीसाठी. ऑगस्ट 1962मध्ये कोपाकबानाच्या 'ओ बाँ गुर्मे' क्लबमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. पेरी रिबेइरोसारख्या ब्राझिलियन गायकांनी रेकॉर्डही केलं. तिथे ते चांगलं चाललं, बस्स.

त्या क्लबमध्ये स्टेजवर आणखी एक माणूस होता. जोआंव जिल्बेर्तो. (गोव्यात 24 जूनला विहिरीत उड्या मारतात ना, त्या सांजांवमधलंच हे नाव.) 1958च्या त्याच्या 'शेगा द साउदादे'पासून बोसा नोव्हाचा जमाना सुरू झाला असं मानतात. फंडा साधा होता. सांबाचा सगळा ताल गिटारवरच्या उजव्या हाताच्या बोटांत आणायचा, आणि गाताना आवाज चढवायचाच नाही. कानाशी बोलल्यासारखं गायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण.

तिकडे अमेरिकेत स्टॅन गेट्झ या जाझ सॅक्सोफोनिस्टने गिटारिस्ट चार्ली बर्डबरोबर 1962मध्ये 'जाझ सांबा' काढला आणि बोसा नोव्हाची लाटच आली. मग 'व्हर्व्ह' कंपनीचा प्रोड्युसर क्रीड टेलर याने ठरवलं की आता ओरिजिनल माणसांनाच स्टुडिओत आणायचं. 18 आणि 19 मार्च 1963, न्यूयॉर्कमधला ए अँड आर स्टुडिओ. सॅक्सवर गेट्झ, पियानोवर जोबिम, गिटार आणि गाणं जोआंवचं, ड्रम्सवर मिल्टन बनाना. बास वाजवला सेबास्तियांव नेतोने, पण अल्बमवर नाव छापलं टॉमी विल्यम्सचं! घ्या, क्रेडिटचा घोळ इथूनच सुरू.

वातावरण काही फार गोडीगुलाबीचं नव्हतं. जोआंवला इंग्रजी येत नव्हतं आणि गेट्झचं वाजवणं पटत नव्हतं. तो पोर्तुगीजमध्ये गेट्झला मूर्ख म्हणायचा आणि दुभाषा जोबिम त्याचं 'तुमच्याबरोबर वाजवायचं याचं स्वप्न होतं' असं भाषांतर करायचा, हा किस्सा आजही सांगतात. ऑफिसात असा एक जोबिम हवाच.

गाण्याला इंग्रजी शब्द मिळाले होते नॉर्मन गिम्बेलचे. ते गाणार कोण? स्टुडिओत जोआंवची बायको होती. अ‍ॅस्ट्रुड. वय 22, तेविसावा वाढदिवस दहा दिवसांवर. इंग्रजी येत होतं, पण व्यावसायिक रेकॉर्डिंग याआधी एकही नाही. तिला गायला लावायची कल्पना कुणाची? गेट्झ म्हणे माझी, टेलर म्हणे माझी, अ‍ॅस्ट्रुडची हकीकत तिसरीच. गाणं हिट झालं की शोध लावणारेही वाढतात.

मूळ शब्द बघत बसणाऱ्या पुरुषाचे. बाई गाणार म्हणून एका ओळीतल्या 'मी'चा 'तो' केला आणि इंग्रजी व्याकरण चुकलं. गिम्बेलला ते खटकलं म्हणतात. मला विचाराल तर त्या चुकीतच सगळी मजा आहे. ती स्वतःचं दुःख सांगत नाही, दुसऱ्या कुणाचं तरी लांबून बघून सांगते. त्यामुळेच तिच्या आवाजातला तो थंडपणा खरा वाटतो.

यानंतर तब्बल एक वर्ष काहीच नाही. 'गेट्झ/जिल्बेर्तो' बाजारात आला मार्च 1964मध्ये. कव्हरवर पुढे गेट्झ, जोआंव आणि जोबिम यांची नावं. अ‍ॅस्ट्रुडचं नाहीच! पण रेडिओसाठी पाच मिनिटांचं गाणं फार लांब होतं. सिंगल काढताना टेलरने कात्री लावली आणि गेला कोण? जोआंव. त्याचं अख्खं पोर्तुगीज गाणं उडालं. उरली अ‍ॅस्ट्रुड आणि गेट्झचा सॅक्स, पावणेतीन मिनिटांत खेळ खल्लास. ज्याने ही शैली घडवली त्याचाच आवाज तिच्या सगळ्यात मोठ्या हिटमध्ये नाही. माझ्या मते ही कात्री धंद्याच्या दृष्टीने अचूक आणि गाण्याच्या दृष्टीने पाप होती.

बीटल्सनी अमेरिका डोक्यावर घेतलेली असताना हे सिंगल बिलबोर्डच्या हॉट 100मध्ये पाचव्या नंबरपर्यंत गेलं. 1965च्या ग्रॅमीमध्ये 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळवताना त्याने चक्क बीटल्सच्याच 'आय वाँट टू होल्ड युवर हँड'ला मागे टाकलं. अल्बमही वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला.

आणि पैसे? अ‍ॅस्ट्रुडला त्या रेकॉर्डिंगचे मिळाले, असं सांगतात, 120 डॉलर. युनियनच्या रेटप्रमाणे एका सेशनची बिदागी. रॉयल्टी वगैरे काही नाही. जाझवर लिहिणारे जीन लीस यांनी तर असं लिहून ठेवलंय की गाणं गाजल्यावर गेट्झने टेलरच्या ऑफिसात फोन केला, तो तिला काही मिळू नये म्हणून. तिचा संसारही त्याच सुमारास मोडला. त्याच गेट्झच्या बँडबरोबर ती 1964मध्ये अमेरिकाभर गात हिंडली. हातात लहान मुलगा होता आणि दुसरा पर्याय नव्हता.

तिने पुढे स्वतःचे अल्बम केले, 1996मध्ये जॉर्ज मायकलबरोबर 'देसाफिनादो' गायली, 2008मध्ये लॅटिन ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. जून 2023मध्ये, वयाच्या 83व्या वर्षी ती गेली. जोआंव 2019मध्येच गेला होता.

व्हेलोसोसमोरून जाणाऱ्या त्या मुलीचं, एलो पिनेइरोचं, पुढे काय झालं? तिने 'गरोता द इपानेमा' नावाने बुटिक काढलं, तर 2001मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वारसांनी तिच्यावरच केस ठोकली. जिच्यावर गाणं, तिलाच नाव वापरायला बंदी! निकाल तिच्या बाजूने लागला, हे एक बरं.

ऐकायचंच असेल तर सिंगल नको, अल्बममधलं पाच मिनिटांचं घ्या. हेडफोन लावून. आधी जोआंव गुणगुणतो, मग पोर्तुगीजमध्ये त्याचं कडवं. सव्वा मिनिटाच्या आसपास तो थांबतो आणि अ‍ॅस्ट्रुड सुरू होते.