घर चाकांवर, पण कागदावरचं गाव कुठलं?

सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याहून एक रस्ता विजयदुर्गला, दुसरा गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला आणि महामार्ग थेट गोव्यात. कॅम्परव्हॅनवाल्यांना याहून काय हवं! 🚐 पण बारमाही फिरणाऱ्यांनी नंबरची पाटी कुठली लावावी, सिंधुदुर्गची एमएच ०७ की गोव्याची जीए?

अमेरिकेत असे भटके साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्राचा, त्यामुळे राज्य बदलून तो वाचत नाही. फरक पडतो तो इथे:

🔹 गाडी: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणि नव्या राज्यात रोड टॅक्स. जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो.

🔹 बीएच सिरीज: राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवणारी नोंदणी, २०२१ पासून सुरू. कर दोन-दोन वर्षांचा. पण ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतल्या नोकरदारांनाच.

🔹 मतदान: नाव एकाच मतदारसंघात. नुसतं घर मालकीचं असून भागत नाही, तिथला सर्वसाधारण रहिवास लागतो. मात्र तात्पुरतं बाहेर असल्याने तो हक्क जात नाही.

🔹 लायसन्स: इथे मात्र फरक नाही, ते देशभर चालतं.

माझं मत? गावात घर आणि माणसं असतील, तर पत्ता गावचाच ठेवा. आरटीओचं पत्र आलं की घ्यायला कुणीतरी हवं ना! 😄