पास झालेल्या नमुन्याची उलटतपासणी

चाचणीत वस्तू मोडली की कारण शोधायला सगळे धावतात. ती टिकली, तर का टिकली हे सहसा कोणी विचारत नाही. ‘कॉमेट’ या पहिल्या प्रवासी जेट विमानाला हाच न विचारलेला प्रश्न भोवला. 2 मे 1952 रोजी ते सेवेत आले. उंचावर केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा प्रति चौरस इंच सुमारे 8.25 पौंड जादा दाब असे, म्हणजे दर उड्डाणाला विमानाचे धड किंचित फुगे आणि उतरताना आकसे. विमान बनवणारी कंपनी गाफील होती असे मुळीच नाही. धडाच्या पुढच्या भागाचा एक नमुना तिने दुप्पट दाबाखाली तपासला होता. पुढे 1953 मध्ये, प्रवासी उडू लागल्यानंतर, त्याच नमुन्यावर धातूच्या थकव्याची चाचणी झाली आणि दाबाची सुमारे 16,000 आवर्तने त्याने सोसली. 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये इटलीजवळच्या समुद्रावर दोन कॉमेट हवेतच फुटली. एकाची उड्डाणे होती 1,290, दुसऱ्याची अवघी 900.

फार्नबरोच्या संशोधन केंद्रात मग एक वापरातले कॉमेट पाण्याच्या टाकीत उतरवले गेले. पाणीच का? दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते आणि तडा जाताच स्फोट होऊन पुराव्याच्या चिंधड्या उडतात; पाणी जवळपास दबतच नाही. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली आवर्तने मिळून 3,057 व्या खेपेला ते धड खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटले. मग आधीचा नमुना इतका चिवट कसा? दुप्पट दाबाने कोपऱ्यांतला पत्रा कायमचा ताणला गेला होता. दाब उतरल्यावर भोवतालच्या धातूने त्याला आवळून धरले, आणि पुढचा प्रत्येक ताण त्या आवळणीतून वजा होत गेला. पहिल्या चाचणीने दुसरीला नकळत कॉपी पुरवली, म्हणा ना!

प्रत्येक चाचणीला नवा नमुना देणे परवडत नाही, सगळ्या शक्यता तर तपासताच येत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण ‘एरियन-5’ या रॉकेटमध्ये जे तपासायचे राहून गेले ते दुर्मीळ नव्हते. ‘एरियन-4’ वर सिद्ध झालेले दिशादर्शक सॉफ्टवेअर नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गावर चालवून पाहिलेच नाही. 4 जून 1996 रोजी, मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे 37 सेकंदांत, 16 बिटांच्या जागेत न मावणारा आकडा आला आणि रॉकेट गेले. चौकशीत तोच मार्ग संगणकावर दिला, तेव्हा बिघाड जमिनीवरच हुबेहूब घडला. म्हणून ‘आता संगणकच सारे तपासतो’ हा युक्तिवादही अर्धाच. त्याला कोणती परिस्थिती दाखवायची, हे माणूसच ठरवतो.

विमान उद्योगात आता कमाल भाराखाली तपासायचा सांगाडा वेगळा आणि थकव्याचा वेगळा असतो. हा दुसरा सांगाडा कधीच उडत नाही, पण त्याची आवर्तने प्रवासी नेणाऱ्या सर्वांत जुन्या विमानाच्याही पुढे ठेवली जातात.