आठवड्याला एक रुपया आणि दारात हेलिकॉप्टर

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यापासून डांबरी रस्ता आठ किलोमीटर लांब आहे असं धरू. बाईला कळा सुरू झाल्यात आणि गाडी वर येत नाही. मग बांबूला गोधडी बांधून झोळी होते, म्हणजे पेपरवाले जिला ‘बांबूलन्स’ म्हणतात ती. एक गडी पुढे, एक मागे आणि खांदा बदलायला आणखी चौघं सोबत. उतारावर पुढच्याने दांडा उंच धरायचा, चढावर मागच्याने, नाहीतर बाई गोधडीतून घसरते. अशा वाटेवर ताशी तीन किलोमीटर म्हणजे चांगलीच चाल. आठ किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं लागतात.

ताशी २२० किलोमीटर वेगाचं हेलिकॉप्टर तेवढ्याच वेळात ५८७ किलोमीटर जातं. नंदुरबार ते मुंबई सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर आहे. झोळी डांबरीला टेकेपर्यंत हेलिकॉप्टर मुंबईला जाऊन परत नंदुरबारला आलेलं असेल.

आता दुसरं घड्याळ लावू. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं आणि अंगात सगळं मिळून असतं पाचेक लिटर. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळलं गेलं नाही आणि नळ पूर्ण उघडाच राहिला, तर कागदावरच्या हिशोबाने आठ-नऊ मिनिटांत टाकी रिकामी. प्रत्यक्षात रक्तस्राव बहुधा याहून हळू होतो. तरी उपचार न मिळाल्यास सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत सरासरी दोन तास मिळतात, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. झोळीला हवेत दोन तास चाळीस मिनिटं. जगात अशा रक्तस्रावाने वर्षाला सुमारे ७०,००० बायका दगावतात, म्हणजे दर साडेसात मिनिटांना एक. एक झोळी आठ किलोमीटर चालेपर्यंत एकवीस.

डोंगरातल्या अक्राणी तालुक्याचं धडगाव ते नंदुरबार सरळ रेषेत ५० किलोमीटर आहे. हेलिकॉप्टरला चौदा मिनिटं पुरतात, रस्त्याने मात्र घाट उतरावा लागतो. म्हणून प्रश्न सरळ आहे: हेलिकॉप्टर का नको? आणि हवं तर पैसे कुणी द्यायचे?

याची उत्तरं जगाने निरनिराळी दिली आहेत. ऑस्ट्रेलियात १७ मे १९२८ रोजी क्लोनकरीहून एक डॉक्टर क्वांटास कंपनीच्या भाड्याच्या विमानाने १३७ किलोमीटरवरच्या ज्युलिया क्रीकला गेला. पहिल्या वर्षात ५० उड्डाणं झाली आणि २२५ रुग्ण तपासले गेले. त्यातूनच तिथली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली ‘रेगा’ ही हवाई बचाव संस्था निघाली. तिची वर्गणी माणशी वर्षाला ४० फ्रँक, आपले चारेक हजार रुपये. वर्गणीदार ३६ लाखांहून जास्त आणि देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास, म्हणजे दहातले चौघं पैसे भरतात. कागदोपत्री हा विमा नाही, देणगी आहे. पण विमा कंपनीने हात वर केले तर देणगीदाराचं बिल रेगा माफ करू शकते.

अमेरिकेत हेच सभासदत्व धंद्याच्या अंगाने वाढलं. तिथे २०१७ मध्ये हेलिकॉप्टर-अँब्युलन्सचं मधलं बिल ३६,४०० डॉलर होतं. तेव्हाच्या दराने साडेतेवीस लाख रुपये, आणि निम्मी बिलं याहून मोठी. ते टाळायला वर्षाला शंभरेक डॉलर भरून कार्ड घ्यायचं. अडचण एवढीच की कार्ड एका कंपनीचं आणि आकाशात कंपन्या अनेक. शुद्ध हरपलेला माणूस कुणाचं हेलिकॉप्टर आलं ते विचारत बसत नाही. शेवटी २०२२ पासून विमाधारकांना अशी अचानक बिलं देण्यावर कायद्यानेच बंदी आली.

रेगाचे चौदा तळ आहेत आणि स्वित्झर्लंडचं क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर. एका तळाच्या वाट्याला सुमारे २,९५० येतात. नंदुरबार जिल्हा ५,९५५ चौरस किलोमीटरचा. स्विस मापाने आपल्या या एका जिल्ह्यात हेलिकॉप्टरचे दोन तळ हवेत आणि साऱ्या महाराष्ट्रात १०४! आपल्याकडे २६ जानेवारी २०१४ रोजी १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती ९३७ अँब्युलन्सवर. त्या डोकी मोजून वाटल्या तर नंदुरबारच्या वाट्याला चौदा येतात, जमीन मोजून वाटल्या तर अठरा. अंतर जमिनीचं असतं, म्हणून विरळ वस्तीच्या अक्राणी तालुक्याला पहिला हिशोब महागात पडतो.

शेजारी हालचाल सुरू झाली आहे. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये सरकारी हवाई रुग्णवाहिका सुरू केली आणि आयुष्मान कार्डवाल्यांना ती मोफत ठेवली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. मे २०२५ मध्ये तेच हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना आदळलं. आतले सगळे बचावले, पण डोंगरात उतरणं किती अवघड ते दिसलं.

आता नंदुरबारची वर्गणी काढू. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या नावे आठवड्याला एक रुपया काढला, तर वर्षाला ८ कोटी ५७ लाख जमतात. पायलट, डॉक्टर, इंधन, दुरुस्ती सगळं धरून एका फेरीचा खर्च पाच लाख मानू. ८ कोटी ५७ लाखांत १७१ फेऱ्या, जवळपास एका दिवसाआड एक. हा रुपया सरकारने भरला, तर कार्डाचीही गरज नाही.

इथवर हिशोब झकास जमतो. पुढे तो अडतो.

वर्षात ८,७६० तास. अनोळखी डोंगरउतारावर रात्री हेलिकॉप्टर उतरवणं जवळजवळ अशक्य, म्हणून निम्मे गेले, उरले ४,३८०. जून ते सप्टेंबरचे दिवस १२२. त्यांतले अर्धे जरी ढग आणि धुक्यात गेले, तरी आणखी ७३२ तास वजा. हाताशी राहतात ३,६४८ तास, शंभरात बेचाळीस. कळा तर शंभरातल्या कुठल्याही तासाला सुरू होतात, आणि पावसात ओढे चढले की त्या घरापर्यंत दुसरं काहीच पोचत नाही. नेमकी तेव्हाच सेवा बंद! शिवाय उतरायला तीसेक मीटर लांब-रुंद सपाट, मोकळी जागा लागते. पाडा मात्र डोंगराच्या धारेवर असतो, आणि हेलिकॉप्टर मागवायला फोनची रेंज हवी तर आणखी वर चढावं लागतं.

मागणीही मोजू. हजारी वीस जन्म धरले तर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३३,००० बाळंतपणं होतात. शंभरातल्या पंधरांत गुंतागुंत होईल असं धरूनच आरोग्ययंत्रणा तयारी करते. म्हणजे ४,९४५ बाया, रोज तेरा-चौदा. यांतल्या पुष्कळ जणी शहराजवळच्या, रस्त्यावरच्या. तरी १७१ फेऱ्या त्यांच्यापुढे साडेतीन टक्केच भरतात. साप चावलेला, कड्यावरून पडलेला, डोक्याला मार लागलेला यांचा तर हिशोब अजून धरलेलाच नाही.

त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर हवंच, कारण अपघात तारीख सांगून येत नाही. बाळंतपण मात्र आठ-दहा दिवसांच्या फरकाने सांगून येतं. आदिवासी भागात आरोग्य केंद्राला लागून ‘माहेरघर’ चालवण्याची महाराष्ट्राची योजना याच फरकावर उभी आहे. तारीख जवळ आली की बाई आधीच येऊन राहते. माणसाला दिवसाला पाचशे रुपये धरले तर एका फेरीच्या पाच लाखांत हजार दिवसांचा मुक्काम होतो; आठ दिवसांच्या हिशोबाने १२५ बाया. सगळ्याच आल्या असं होणार नाही. घरी लहान पोरं असतात, शेत असतं, नवऱ्याची मजुरी बुडते. म्हणून पोरांसकट राहायची सोय आणि बुडालेली मजुरी हाही त्या पाचशेतलाच खर्च धरायला हवा.

आणि शेवटचा भागाकार. डोंगरातला रस्ता किलोमीटरला एक कोटी धरला, तर आठवड्याच्या त्या एका रुपयातून वर्षाला साडेआठ किलोमीटर रस्ता होतो. म्हणजे जिथे आपण झोळी उचलली, ती पुरी वाट. हेलिकॉप्टर वर्षाला १७१ वेळा येईल, तेही उजेड असेल तर. रस्ता एकदा झाला की त्यावरून अँब्युलन्स रात्री येते, पावसात येते, आणि दुसऱ्या वर्षीचा रुपया पुढच्या पाड्यासाठी मोकळा होतो. जिल्ह्याने हवाई सेवेची मागणी जरूर करावी, पण त्याच अर्जात वरच्या ओळीवर रस्त्याचं आणि माहेरघराचं नाव लिहावं.