लाल प्रकाशाला जे जमत नाही

क्वांटम विज्ञान किंवा पुंजविज्ञान म्हटले की पुष्कळांना वाटते, हे काही शाळेत समजण्यासारखे नाही, त्याला मोठे गणित लागते. गणित लागते हे खरे, पण ते पुढे. पहिली पायरी घरीच चढता येते.

दुकानात 'रेडियम'च्या चांदण्या मिळतात. नाव रेडियमचे असले तरी त्यांत रेडियम नसते. प्रकाश शोषून तो अंधारात सावकाश परत देणारा पदार्थ असतो. अशी एक चांदणी दोन दिवस डब्यात बंद ठेवा. मग अंधाऱ्या खोलीत तिच्यावर लाल एलईडीचा प्रकाश पाच मिनिटे पाडा. दिवा विझवला की चांदणी काळीच दिसते. लाल दिवे दहा लावा, तरी तेच! आता निळी एलईडी पाचच सेकंद धरा (दिव्याकडे रोखून पाहू नका). चांदणी चमकू लागते.

असे का व्हावे? प्रकाशाची ऊर्जा सलग येत असती, तर दहा लाल दिव्यांची ऊर्जा साठून काम व्हायला हवे होते. पण 1905 साली आइन्स्टाइन यांनी, प्लांक यांच्या 1900 मधील कल्पनेचा धागा धरून, सांगितले की प्रकाश सुट्या पुंजांनी येतो आणि पुंजातील ऊर्जा रंगावर ठरते. निळ्या पुंजात लाल पुंजाच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते. रेल्वे स्थानकावरचे वजनाचे यंत्र आठवा. ते रुपयाच्या नाण्यावर चालत असेल, तर पन्नास पैशांची दहा नाणी टाकूनही तिकीट येत नाही. यंत्र एकेक नाणे तपासते. बेरीज करीत नाही. चांदणीतील पदार्थाचेही तसेच आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग करताना उत्तर आधी सांगू नये. 'काय होईल?' हे प्रत्येकाला वहीत लिहायला लावावे. अंदाज चुकला की प्रश्न पडतो, आणि शिकणे तेथे सुरू होते.

भारत सरकारने 2023 साली सुमारे 6,000 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे. तेथे सूक्ष्म मापनाचे काम चालते. अशा कामाला केवळ सिद्धांत मांडणारे पुरत नाहीत. लेसर जुळवणारे, निर्वात पंप सांभाळणारे, विद्युत्-मंडले जोडणारे, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे हातही लागतात.

तेव्हा दहावीनंतरची वाट निवडताना 'हे आपल्याला जमणार नाही' असे आधीच ठरवू नका. आधी चांदणी डब्यात ठेवा!