भोर-वेल्ह्याच्या देवराया : लोकांनी राखलेले वनधन

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या माथ्यालगत भोर व वेल्हे हा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. नीरा, वेळवंडी, आंबी, कानंदी या नद्या याच डोंगरांतून वाहत येतात. पानशेत धरणाच्या निमित्ताने येथे रस्ते झाले आणि आंबी खोऱ्यातील बरेचसे जंगल लोणारी कोळशासाठी तोडले गेले. त्या तोडीतूनही वाचल्या त्या देवराया.

वाघजाई, शिरकाई, भैरवनाथ अशा ग्रामदेवतांच्या नावाने राखलेल्या या वनांत कुऱ्हाड चालवायची नाही, वाळले लाकूडही न्यायचे नाही, असा गावाचा दंडक होता. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे मोल अभ्यासकांच्या ध्यानी आले.

देवराईत आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी यांचे जुने वृक्ष आढळतात. काही रायांत गारंबीचा अजस्र वेल वृक्षावरून वृक्षावर चढलेला दिसतो. शेकरू हा आपला राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. एकमेकींत गुंतलेल्या फांद्या हाच त्याचा मार्ग. मधले चार वृक्ष तुटले की त्याची वाट खुंटते. बुलबुलासारखे पक्षी व उदमांजर फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. त्या पालापाचोळ्यात रुजतात व तोच पालापाचोळा पावसाचे पाणी जमिनीत जिरवितो.

आज धोका निराळा आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वृक्ष विकणे, परिसर ‘स्वच्छ’ करताना झुडपे व रोपे काढून टाकणे, यामुळे राई आतून पोकळ होते. वरचे वृक्ष दिसतात; पण त्यांची जागा घेणारी पुढील पिढी उरत नाही.

यावर उपाय गावाच्याच हाती आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तीत देवराईची सीमा, वृक्ष व प्राणी यांची नोंद अवश्य व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह वृक्षगणना करावी, वडीलधाऱ्यांकडून झाडांची स्थानिक नावे लिहून घ्यावीत. जीर्णोद्धाराचा ठराव करताना राईतील एकही वृक्ष तुटणार नाही, अशी अट ग्रामसभेने घालावी.

देऊळ पुन्हा बांधता येते. शेकडो वर्षांची राई मात्र पुन्हा उभारता येत नाही.